पाचव्या मजल्याची जोडी

नाव बारकी, पण इस्पितळाच्या तळघरातल्या दारातून जाताना तिला मान वाकवावी लागे. घरातलं हे लाडाचं नाव मामानं कामाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर घेतलं आणि ते असं चिकटलं, की पगाराच्या पावतीवर खरं नाव छापलेलं पाहून तिलाच क्षणभर परकं वाटायचं.

मामा म्हणजे तिच्या आईचा पाठचा भाऊ. या इस्पितळाच्या नेटवर्कची पहिली केबल त्यानंच ओढली होती. बारकीचे वडील गेले तेव्हा ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. रडून डोळे सुजलेल्या पोरीच्या हातात मामानं नेटवर्कच्या केबली जोडायची पेटी, एक जुना स्विच, आणून ठेवला आणि म्हणाला, "हा उघड. बिघडला तर बिघडला." तेव्हापासून तो तिचा गुरू. पुढे त्यानंच शब्द टाकून तिला आपल्या विभागात घेतलं. घरी ती त्याला अरेतुरे करायची, कामावर अहोजाहो. मधूनच जीभ घसरायची आणि दोघंही गालातल्या गालात हसायची.

विभागात माणसं तीनच. मामा, बारकी आणि प्रमुख असलेल्या मॅडम. मॅडम कमी बोलायच्या, पण बोलल्या की ऐकणाऱ्याला उलट उत्तर सुचत नसे.

त्या दिवसांत त्यांनी एक रखडलेलं काम हाती घेतलं होतं. इस्पितळाच्या प्रत्येक मजल्यावर एका कपाटात एक स्विच होता. मजल्यावरचे संगणक, फोन, तपासणीची यंत्रं सगळी त्याला जोडलेली, आणि त्यातून एक फायबर केबल तळघरातल्या मुख्य स्विचपर्यंत आलेली. ती एक तुटली की अख्खा मजला मुका. म्हणून प्रत्येक मजल्याला दुसरी केबल द्यायची आणि दोन्ही मिळून एकच समजायच्या, असं ठरलं होतं. एरवी दोघी भार वाटून घेतील, एक गेली तर दुसरी निभावून नेईल. कागदोपत्री याला लिंक अ‍ॅग्रिगेशन ग्रुप म्हणत. मामा म्हणायचा जोडी.

"जोडी दोन्हीकडून बांधायची असते," तो सांगायचा. "एकानं हो म्हणून लग्न होत नाही."

त्यात एक धोका होता. दुसरी केबल लावायची ती खालच्या आणि वरच्या, दोन्ही स्विचना सांगून झाल्यावरच. त्याआधी लावली तर दोन सुट्या वाटा तयार होतात. एका वाटेनं वर गेलेला निरोप दुसरीनं खाली येतो, पुन्हा वर जातो, एकाचे दोन, दोनाचे चार होत गरगरत राहतो आणि बघता बघता सगळ्या इमारतीचं नेटवर्क तुंबतं. असा फेरा आपोआप तोडणारी सोय स्विचमध्ये असते. पण पाचव्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांशी तिचं पटत नव्हतं, म्हणून त्या मजल्यापुरती ती दोन्ही टोकांना बंद ठेवलेली होती. सांभाळून करू, एवढंच त्यावर ठरलं होतं.

चौथा मजला आदल्या रविवारी बिनबोभाट झाला. या रविवारी पाचवा. रविवारी सकाळी बाहेरचे रुग्ण नसतात, म्हणून ही वेळ. मामा लॅपटॉप बगलेत मारून वर गेला. बारकी तळघरात मुख्य स्विचसमोर बसली. तिथं यंत्रं थंड ठेवण्यासाठी एवढा गारवा असायचा, की ती उन्हाळ्यातही लोकरीची टोपी घालायची.

तिनं आपल्या बाजूची जोडी बांधली, एकदा वाचून पाहिली आणि मोबाइल कानाला लावला. "मामा, वरचं झालं का हो?"

"झालं की. केव्हाच झालं."

"दोन्ही पोर्ट जोडीत घेतलेत ना?"

"अगं, मी शिकवलं तुला की तू मला?" मामा हसला. "लावू दुसरी?"

इथून तळघरातूनच वरच्या स्विचमध्ये डोकावून बघता आलं असतं. मिनिटभराचं काम. पण मामा झालं म्हणाला की झालेलं असतं, यावर बारकीचा सगळा संसार उभा होता.

"लावा," ती म्हणाली.

खालच्या स्विचनं वरच्याला विचारलं, जोडी बांधायची ना? वरून उत्तर आलं नाही. तेव्हा त्यानं दोन्ही केबली सुट्या धरल्या आणि फेरा सुरू झाला.

मुख्य स्विचवरचे हिरवे दिवे एरवी आपापल्या लयीत लुकलुकायचे. ते सगळे एकदम, एकाच वेगानं फडफडू लागले. बारकीनं कळ दाबली तर अक्षर पडद्यावर उमटायला श्वासभर वेळ लागला. भिंतीवरचा फोन उचलला, तो मेलेला. इस्पितळाचे फोनही याच नेटवर्कवर चालायचे.

"मामा, काहीतरी झालंय. वरचं बघा बरं पुन्हा."

"माझं बरोबर आहे. तुझं बघ."

तिनं स्वतःचं पाहिलं. बरोबर होतं. बरोबर असलेलं तिनं पुसलं आणि पुन्हा लिहिलं. कूर्मगतीनं उमटणाऱ्या अक्षरांकडे बघत तिनं ते दुसऱ्यांदा पुसलं. मग सर्व्हर पाहिले, मग वीज पाहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गडबड झाली की आधी शेवटची केबल उपट, मग विचार कर, हे मामानंच तिला शिकवलं होतं. पण ती केबल उपटायची म्हणजे मामाचं चुकलं असं म्हणायचं, आणि तसा विचार तिच्या मनाच्या उंबऱ्याशीही येईना.

मोबाइल वाजला. मॅडम. त्यांना कुणीतरी घरी कळवलं होतं.

"दुसरी केबल अजून लावलेली आहे?"

"हो, पण वरचं मामांनी..."

"काढ ती आधी!"

बारकीनं हात घातला आणि केबल खेचली. दिवे एकदा थबकले आणि मग दमलेल्या माणसासारखे, एकेक करत, आपल्या जुन्या लयीत परतले. अर्धा तास गेला होता.

ती जिन्यानं पाचव्या मजल्यावर धावली. प्रयोगशाळेच्या दारात पांढऱ्या कोटातल्या दोन बाया तावातावानं बोलत होत्या. गोंधळात त्यांच्यातल्याच कुणीतरी कपाटातल्या स्विचची वीज काढून पुन्हा लावली होती, उपयोग काहीच झाला नव्हता. मामा कपाटासमोर स्टुलावर बसून शांतपणे चष्मा पुसत होता.

बारकीनं आपला लॅपटॉप जोडला. वरच्या स्विचमध्ये जोडीचा मागमूस नव्हता.

"मामा, इथं काहीच बांधलेलं नाही."

"असं कसं होईल? बांधलं मी. आता यांनी वीज काढली, गेलं असेल पुसून." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "अगं, मला लख्ख आठवतंय. खिडकीचा तो सुटलेला पत्रा वाऱ्यानं वाजत होता, डोकं उठलं माझं. एका हातानं पत्रा दाबून धरला आणि दुसऱ्यानं टाइप केलं."

बारकीनं लॅपटॉप मिटला. सुटलेल्या पत्र्याची खिडकी चौथ्या मजल्यावर होती. आदल्या रविवारी केबल द्यायला वर गेली तेव्हा तिनं स्वतः मामाला तो पत्रा दाबून धरताना पाहिलं होतं. पाचव्या मजल्याचं कपाट एका आंधळ्या बोळात होतं. तिथं तिन्ही बाजूंना भिंतच होती.

त्या अर्ध्या तासात दुसऱ्या मजल्यावर एक बाई बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. परिचारिका रक्तपेढीला फोन लावत होती, फोन लागत नव्हता. शेवटी एक वॉर्डबॉय रक्ताचा नमुना मुठीत धरून जिना उतरला आणि रक्ताच्या पिशव्या छातीशी कवटाळून परत चढला. बाई वाचली. पण अजून अतिदक्षता विभागात होती, नळ्यांत गुंडाळलेली.

सोमवारी इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांनी हे सगळं आपल्या खोलीत, आवाज न चढवता सांगितलं. त्यामुळे ते जास्तच लागलं. टेबलाच्या या बाजूला मॅडम, मामा आणि बारकी.

"वरचं काम कुणाकडे होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात कुठे कापरं नव्हतं. "वरची जोडी मी बांधली होती. वीज काढल्यावर ती गेली, कारण अजून सेव्ह केलं नव्हतं. खालून हिच्या हातून काहीतरी उलटसुलट झालं असणार." मग तो बारकीकडे वळला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लहान आहे अजून. शिकेल. मी आहे ना."

बारकीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तो खोटं बोलला असता तर ती भांडली असती. पण त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तो तिला सांभाळून घेत होता, अगदी मनापासून.

"तुला काही सांगायचंय?" मॅडमनी विचारलं.

"नाही," बारकी म्हणाली.

तिला लेखी समज मिळाली. पुढचा रविवार होता शस्त्रक्रियांच्या मजल्याचा. मॅडम काही बोलायच्या आत मोठ्या डॉक्टरांनीच फर्मावलं, की मुख्य स्विचवर आता अनुभवी माणूस बसेल आणि मुलगी वर जाईल. म्हणजे मुख्य स्विचवर मामा.

घरी तिनं आईला सगळं सांगितलं. आई भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला नाही.

"तुझा बाप गेला तेव्हा याच भावानं आपल्या दोघींना उभं केलं," आई म्हणाली. "एकदा त्याची चूक पदरात घेतलीस तर काय बिघडलं?"

"बिघडलं असतं, आई. एक बाई गेली असती."

"गेली नाही ना?"

आईनं खांद्यानं डोळे पुसले आणि तीच थाळी पुन्हा घासायला घेतली.

बुधवारी दुपारी बारकीचे पाय आपोआप दुसऱ्या मजल्याकडे वळले. बाई आता साध्या वॉर्डात होती. चेहरा कागदासारखा, पण बाळ कुशीत. नवरा खुर्चीत पेंगत होता. दारातल्या बारकीच्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून तो सावरून बसला.

"कॉम्प्युटर बघायला आलात का? इथला नीट चालतोय आता."

"बरं," बारकी म्हणाली. माफी मागायला आली होती की खात्री करायला, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बाळानं जांभई दिली. ती आली तशी परत गेली.

संध्याकाळी ती मामीकडे गेली. मामा दुकानात गेला होता. मामी गेले काही महिने रोज सकाळी मामाबरोबर इस्पितळाच्या फाटकापर्यंत चालत यायची आणि तिथून परत फिरायची. वजन कमी करायचंय म्हणायची. बारकीनं तिची थट्टाही केली होती, या वयात कुणाला जिंकायला निघालीस म्हणून.

"मामी, तू रोज फाटकापर्यंत का येतेस?"

मामीनं हातातला कपडा घडी घालून ठेवला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली. "एकदा तो भलत्याच रस्त्याला लागला होता," ती हळूच म्हणाली. "पानवाल्यानं आणून सोडला. म्हणाला, साहेब जुन्या ऑफिसचा पत्ता विचारत होते. ते ऑफिस पाडून जमाना झाला."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"बोलून काय करू? डॉक्टर सांगणार, घरी बसवा. घरी बसला तर आठ दिवसांत झिजेल तो. दीड वर्ष राहिलंय निवृत्तीला." मामीनं तिचा हात घट्ट धरला. "तू असतेस ना बरोबर. तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त असते. एवढं दीड वर्ष ओढून ने, बारके. मी तुझ्या पाया पडते."

बारकीनं हात सोडवून घेतला नाही, पण होही म्हणाली नाही. इकडे आड, तिकडे विहीर. परत जाताना एकच विचार डोक्यात घोळत होता. शस्त्रक्रियांच्या मजल्यावर पोट उघडलेली माणसं असतात, आणि तिथं खालून मामा म्हणणार, झालं, लाव.

शुक्रवारी दुपारी ती मामाच्या टेबलाशी उभी राहिली. मॅडम बैठकीला गेल्या होत्या.

"मामा, पाचव्या मजल्यावरच्या कपाटाजवळची खिडकी दाखवता का मला?"

"आता ते कशाला?"

"पत्रा नीट बसवून घेऊ."

"हां, ते बरं होईल." तो लगेच उठला. कुणाचं काम करून द्यायचं म्हटलं की तो असाच उठायचा, वाट न बघता.

दोघं वर गेली. प्रयोगशाळा ओलांडून मामा त्या बोळात शिरला, कपाटापर्यंत गेला आणि थांबला. त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग पुढे होऊन भिंतीवर तळवा ठेवला आणि तो वरून खाली फिरवला, जणू कडी चाचपतोय.

"बुजवली का ही?" त्यानं विचारलं.

"इथं खिडकी कधीच नव्हती, मामा. ती चौथ्यावर. तू त्याआधीच्या रविवारचं सांगत होतास." अहोजाहो कधी गळून पडलं, तिला कळलं नाही.

मामाचा तळवा भिंतीवरच राहिला. मग तो वळला, तेव्हा चेहरा लाल झालेला.

"परीक्षा घेतेस माझी? मला वर आणून, कान धरून दाखवतेस? माझी खुर्ची हवी असेल तर तोंडानं माग! तुझ्या बापाच्या जागी उभा राहिलो मी!"

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणे! त्या डॉक्टरांसमोर मी तुला पाठीशी घातलं..."

"मामा, माझं चुकलंच नव्हतं रे. तुझ्यावर विसंबले एवढंच चुकलं."

प्रयोगशाळेच्या दारातून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं. मामाचा आवाज खाली आला. तो स्टुलावर बसला. तिच्याकडे न बघता तो बोलू लागला.

"कधीकधी जिन्यात उभा राहतो आणि वर निघालो होतो की खाली, ते सुचत नाही. मग कुणीतरी जाताना दिसतं, त्याच्यामागे जातो." त्यानं बोटांनी स्टुलाची कड कुरतडली. "काम करताना मात्र सगळं आठवतं, असं मला वाटायचं. आणि नाहीच आठवलं तर तू खाली असतेस. तू बघून घेशील. म्हणून मी वर जायचो, बारके."

आणि ती खाली बसून म्हणायची, मामा वर आहे, त्यानं पाहिलं असेल.

"चल, मॅडमकडे जाऊ," ती म्हणाली. "दोघं मिळून सांगू. तू सांग, मी नुसती शेजारी बसते."

"नको." त्यानं मान हलवली. "मी जपून करीन. प्रत्येक गोष्ट दोनदा बघीन. कुणाला सांगू नकोस."

"जपून नाही होणार रे हे."

"तू सांगितलंस तर मी तुला ओळखणार नाही." हे तो रागानं म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते स्वतःलाच ऐकू आल्यासारखा गप्प झाला.

मॅडम बैठकीहून परतल्या तेव्हा बारकी एकटीच त्यांच्या खोलीत गेली. मध्ये एकदाही न थांबता तिनं सगळं सांगितलं, खिडकी, भिंत, मामीचं चालणं, सगळं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सोमवारी का बोलली नाहीस?"

"भाची आहे मी त्यांची."

"ते मला दिसत होतं." मॅडमनी तिची फाइल पुढे ओढली. "मलाही शंका यायला हवी होती. गेल्या महिन्यात एकच गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली आणि मी म्हटलं, वय झालं. तुझी समज मी मागे घ्यायला लावते. पण एक ऐक. तू खालून डोकावून बघायला हवं होतंस. समोर मामा असो नाहीतर ब्रह्मदेव. ती चूक तुझी, आणि ती राहील."

"हो," बारकी म्हणाली. ते ऐकून तिला बरंच वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी तिची खरी चूक तिच्या पदरात घातली होती.

शस्त्रक्रियांच्या मजल्याचं काम पुढे ढकललं गेलं. फेरा तोडणारी सोय आधी सगळीकडे चालू केली. प्रयोगशाळेच्या यंत्रांनी कुरकुर केली, त्यांच्या कंपनीचा माणूस येऊन ती मिटवून गेला. मग एका रविवारी मॅडम स्वतः खाली बसल्या आणि बारकी वर. वरचं बांधून झाल्यावर मॅडमनी ते खालून वाचलं, बारकीनं मॅडमचं वरून वाचलं, आणि मगच दुसरी केबल लागली. एकही दिवा चुकला नाही. पोळलेल्या तोंडानं ताक फुंकून प्यावं तसं ते काम झालं, आणि झाल्यावर टाळी द्यायला शेजारी मामा नव्हता.

मामाला रजेवर पाठवलं. तपासण्या झाल्या, त्या याच इस्पितळात. आजाराला एक लांबलचक नाव मिळालं. मॅडम आणि मोठ्या डॉक्टरांनी खटपट करून त्याची नोकरी आजारपणाच्या नियमात बसवली, त्यामुळे तो रिकाम्या हातानं घरी गेला नाही. पण घरी गेला. निरोपाच्या दिवशी तो सगळ्यांशी हात मिळवत आला, बारकीसमोर थांबला, आणि तिला वगळून पुढच्या माणसाकडे गेला.

मामीचा फोन आला तो त्याच संध्याकाळी. "पोटच्या पोरीसारखी वागवली तुला," ती म्हणाली, "आणि तूच त्याच्या पोटावर पाय दिलास. या घरात येऊ नकोस." आई दोन्हीकडे जात राहिली, इकडचं तिकडे न बोलता. रात्री जेवताना दोघींमध्ये मामाचा विषय निघत नसे, आणि दुसरा कुठला विषयही नीट चालत नसे. तळघरात आता बारकी अनुभवी माणूस म्हणून बसायची. कुणी वरून झालं म्हणालं, की ती मान डोलवायची आणि बोटं आपोआप तपासायला लागायची. समोरच्या माणसाला ते अपमानासारखं वाटायचं. वाटू दे, ती म्हणायची. पण मनाला लागायचंच.

बरेच महिने असे गेल्यावर आईच्या वाढदिवसाला मामा-मामी जेवायला आले. बारकीनं दार उघडलं. मामा वाळला होता. शर्टाची बटणं मात्र नीट लावलेली, ती मामीनं लावलेली असणार.

"बारके!" तो म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं, किती दिवसांनी! कामात बुडालीस का? ये, बस इथं."

ती बसली. त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, टोपलीतलं संत्रं सोलून तिला एकेक फोड द्यायला लागला, लहानपणी द्यायचा तशी, शिरा काढून. मध्येच म्हणाला, "मॅडमना सांग, मी येतो सोमवारपासून. जरा कणकण होती." ती हो म्हणाली. तो तिला वगळून पुढे गेला होता, तो दिवस त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. बारकीनं तो शोधला, पुन्हा पुन्हा शोधला. त्यानं माफ केलं होतं की तो विसरला होता, आणि विसरला असेल तर ती माफी धरायची की नाही, तिला कळेना. फोडी खात ती डोळे मिटमिटत राहिली.

स्वयंपाकघरात मामी ताटं पुसत होती. बारकी दारातून आत येताच मामीची पाठ ताठ झाली.

"मामी," ती म्हणाली, "त्याचा माझ्यावरचा राग गेला का गं?"

मामीनं वळून पाहिलं नाही. "मला तरी काय कळतंय. तो सकाळचं संध्याकाळी विसरतो." ती पुसलेलं ताट पुन्हा पुसू लागली. "माझा गेलेला नाही."

"बरं," बारकी म्हणाली.

बाहेरून मामाचं हसणं ऐकू आलं. तो आईला काहीतरी जुना किस्सा सांगत होता आणि आई प्रथमच ऐकत असल्यासारखी हुंकार भरत होती. मामीनं ताटांची चळत उचलली, क्षणभर तशीच धरून उभी राहिली, आणि मग ती बारकीच्या हातात दिली.

"ही बाहेर ने," ती म्हणाली. "आणि त्याच्या डाव्या बाजूला बस. पाणी ओतताना त्याचा हात कापतो, आणि कुणी ओतून दिलं की चिडतो. त्याला कळणार नाही असं ओत."